नोटिशीचा नमुना सगळ्या कॉम्प्युटरांवर आपोआप

आमच्या जळगावातल्या पतसंस्थेत थकबाकीची नोटीस प्रत्येक टेबलावरून वेगळीच निघायची. कुठे जुना पत्ता, कुठे भलताच फॉन्ट. पेन ड्राइव्ह घेऊन दर वेळी टेबलोटेबली फिरायचं, तेही मे महिन्याच्या दुपारी? नको रे बाबा.

वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमधलं टेम्प्लेट, म्हणजे तयार नमुन्याची फाइल, वर्डसोबत आपोआप लोड होतं खरं, पण त्यातून मॅक्रो (एकत्र साठवलेल्या आज्ञा), ऑटोटेक्स्ट (साठवलेला मजकूर) आणि बटणंच मिळतात. स्टाइल आणि लेटरहेड नव्या कागदात उतरत नाहीत. इथेच बरेच जण अडकतात. म्हणून मॅक्रोची डीओटीएम फाइल स्टार्टअपमध्ये ठेवली आणि नोटिशीची डीओटीएक्स फाइल सी ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, मग फाइल लोकेशन्स. तिथे वर्कग्रुप टेम्प्लेट्सला त्या फोल्डरचा पत्ता एकदाच द्यायचा. पत्ता थेट सर्व्हरचाही चालतो, पण नेटवर्क गेलं की नोटीसही गेली.

मूळ फाइली सर्व्हरवर, बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी. त्या उतरवून घ्यायला एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा चालवणारी साधी फाइल. तिच्यात एक्सकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या आज्ञेच्या दोन ओळी: स्लॅश डी लावलं की सर्व्हरवरची फाइल नवी असेल तरच उतरते, स्लॅश वाय लावलं की मध्ये प्रश्न येत नाही. बॅच फाइलचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअपमध्ये, वर्डच्या नव्हे.

वर्ड उघडं असताना मॅक्रोची फाइल बदलता येत नाही, त्यामुळे हे लॉगिनलाच होऊ द्यावं. आमचे नाना कॉम्प्युटर कधी बंदच करत नाहीत, त्यांना मात्र हाक मारावी लागते: “नाना, एकदा रीस्टार्ट करा ना!”