स्पार्कलिंग वाईन शिकायचीय? फक्त तोडणीपुरते जाऊ नका

फूड टेक्नॉलॉजी झाल्यावर मी दिंडोरी तालुक्यात एका घरच्या वायनरीत लागलो. मालक काका बाग बघायचे, काकू हिशेब आणि उत्पादन शुल्काची रजिस्टरं, दादा तळघर. चौथा मी. आता ज्युनियर विचारतात, ‘जानेवारीत तोडणीला जाऊ का?’ जा, पण तेवढ्यावर परत येऊ नका.

तोडणीत शिकायला मिळते ती गोष्ट एकच, पण मोठी: माल आंबट असतानाच उतरवायचा. शेजारच्या खायच्या द्राक्षांची गोडी अजून भरत असते, आणि आपण शेनिन ब्लांक ही वाईनची पांढरी द्राक्षं १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडतो. उशीर केला तर ऊन आम्ल खाऊन टाकतं, आणि बुडबुड्यांच्या वाईनचा कणा तेच आम्ल. पहाटे तोडणी, अख्खे घड हलक्या दाबाने प्रेसमध्ये. तयार झालेली बेस वाईन, म्हणजे बुडबुडे यायच्या आधीची साधी वाईन, चाखून तोंड वाकडं होईल. व्हायलाच हवं.

खरं काम टिराजपासून, म्हणजे दुसऱ्या आंबवणासाठी बाटल्या भरण्यापासून. बाटलीत बेस वाईनसोबत यीस्ट आणि लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालून क्राउन कॅप (सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण) लावतात. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होऊन दाब ६ बारपर्यंत चढतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या तिप्पट. म्हणून काच जाड, आणि तळघरात गॉगल, हातमोजे सक्तीचे. दादा त्याशिवाय आत पाऊल टाकू देत नसे. हे आंबवण थंडाव्यात, सावकाश व्हावं लागतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये तो थंडावा विकतच घ्यावा लागतो. वीज गेली की सगळ्यात आधी कोल्ड रूमचा जनरेटर, घरातला पंखा नंतर.

मग बाटल्या महिनोन् महिने आडव्या. मृत यीस्टवर राहून चवीला पाव भाजल्याचा वास येतो, पण तोवर पैसा अडकलेला. हे घर साध्या वाईनच्या विक्रीवर चालतं, हे कळायला काकूंचं रजिस्टर वाचावं लागलं. कुठल्याही वर्गात हे सांगितलं नव्हतं.

रिडलिंग कंटाळवाणं आहे, खोटं बोलत नाही. लाकडी रॅकवर रोज प्रत्येक बाटलीला आठवा भाग फिरवायचं आणि किंचित उभं करायचं, गाळ मानेत उतरेपर्यंत. हाताने केलं तर त्यात कित्येक आठवडे जातात. यंत्र तेच काम आठवड्याभरात करतं, पण छोट्या घराला ते परवडत नाही. डिस्गॉर्जिंगला, म्हणजे गाळ काढताना, मान गोठवून कॅप काढली की गाळाचा बर्फ उडतो. मग डोसाजची, म्हणजे शेवटची गोडी जुळवायची, साखर आणि कॉर्क.

अर्ज करताना विचारा: टिराज कोणत्या महिन्यात, डिस्गॉर्जिंग कधी, आणि त्या दोन्ही वेळी मला ठेवाल का? वेतन कमी असेल तर राहायची-जेवायची सोय आधी पक्की करा. गावात दुचाकी लागते. आणि बाटल्या धुवायला, क्रेट उचलायला लाजणार असाल तर मोठ्या कंपनीच्या टेस्टिंग रूममध्ये अर्ज करा, तिथे एसी असतो.