तिसऱ्यांदा ‘बाथरूममध्ये पडले’

पहिल्या वेळी ती वरचा पुढचा दात मोडून आली. ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ मी रूट कॅनाल केलं, कॅप बसवली. दुसऱ्या वेळी शेजारचा दात, कारण तेच. तिसऱ्या वेळी मी विचारलं, घरी कुणी मारतं का. दोनदा गप्प राहिले, याची खंत अजून आहे, म्हणून दंतवैद्यांसाठी हे लिहिते आहे.

पडणारा माणूस हात टेकतो. तळवे, गुडघे, हनुवटी खरचटते. गालावर, कानामागे, गळ्यावर वळ असतील तर थांबा. ओठ उलटून आतली जखम बघा, फाटलेला फ्रेनम, म्हणजे ओठाला हिरडीशी जोडणारी पातळ पट्टी, बघा. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, जबड्याचं जुनं, कधी न सांगितलेलं फ्रॅक्चर दिसतं का? वळाच्या रंगावरून दिवस मात्र ठरवू नका, ते फसवं असतं. एका खुणेवरून काही सिद्ध होत नाही, पण विचारायला तेवढी पुरते. गळा दाबल्याचं कळलं, आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, तर दाताचं राहू द्या, आधी हॉस्पिटलला पाठवा.

नवरा किंवा सासू खुर्चीशेजारून हलत नाही. तेव्हा एक्स-रे कामी येतो: ‘आत फक्त पेशंट.’ दार लावून मी साधंच विचारते, ‘ताई, घरी कुणी हात उचलतं का?’ नाही म्हणाली तर खोदत नाही. हो म्हणाली तर आधी एवढंच, ‘यात तुमची चूक नाही.’ घर सोडा, असं सांगू नका. कधी निघायचं आणि निघणं कितपत सुरक्षित, हे तिलाच ठाऊक असतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून तोंडी पाठ करून घ्या. घरी जाणाऱ्या चिठ्ठीवर लिहू नका. हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं जिल्ह्याचं सरकारी सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे, हे आपल्याला आधीच माहीत हवं.

केसपेपर नीट लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार दात मोडणं किंवा निखळणं ही ‘गंभीर दुखापत’ आहे, म्हणून आपल्या नोंदीला वजन आहे. दाताचा क्रमांक, जखमेची जागा, मिलिमीटरमध्ये माप, तिचे शब्द जसेच्या तसे, आणि तिच्या संमतीने फोटो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. तरी मी तिला विचारल्याशिवाय कळवत नाही.

हललेल्या दाताची स्प्लिंट, म्हणजे त्याला शेजारच्या दातांशी बांधणारी तार, साधारण दोन आठवड्यांनी काढतात. अशा पेशंटला मी चौथ्या दिवशीच बोलावते. ‘तार बघायची आहे,’ म्हटलं की घरचेही अडवत नाहीत.