विद्युत ग्लायडरची खरी चढाई आणि पल्ला कसा काढावा

माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबण्याआधी हिशेब करावा: वैमानिकासह 450 किलोचे ग्लायडर 1000 मीटर उंच नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 1.2 किलोवॅट-तास लागतात. मोटर, पंखा आणि हवेचा रोध यांत निम्मी ऊर्जा जाते असे धरल्यास बॅटरीतून 2.4 खर्च होतात. मग थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) सुरू होण्यापूर्वीच्या शांत हवेत चढून दर 300 मीटरला वेळ, उरलेली ऊर्जा आणि बॅटरीचे तापमान नोंदवावे, कारण थंड बॅटरी कमी ऊर्जा देते.

अँटारेस 20ई सारख्या, दुमडत्या खांबावर पंखा असलेल्या ग्लायडरात सलग समतल उड्डाणापेक्षा चढून, पंखा आत घेऊन तरंगत जाणेच पल्ला वाढवते. नाकावरच्या पंख्यात हा फरक कमी असतो. बाहेर आलेला पंखा फिरलाच नाही, तर ग्लायडर झपाट्याने खाली येते. म्हणून उतरण्याजोगे शेत आवाक्यात असतानाच मोटर सुरू करावी.