सीएनसी ऑपरेटर घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर आपलं उद्यमनगर, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरचा इंटरव्ह्यू सगळीकडं सारखाच. गाव कुठलं, कुणाचा कोण, आधी कुठं होतास, पगार किती पाहिजे, आणि उठता उठता मशीनच्या कंट्रोलबद्दल "फॅनक येतंय नव्हं?" पोरगं म्हणतंय "येतंय की मालक." झालं, उद्यापासून ये. आता या प्रश्नाला नाही कोण म्हणणार सांगा बघू?

एका ओळखीच्या शॉपमध्ये असंच एक पोरगं घेतलं. आयटीआय झालेलं, बोलायला एक नंबर, वर मालकाच्या पाहुण्याचा शब्द. लगेच रात्रपाळीला एकट्याला मशीनवर उभं केलं. जॉब 40 एच7 बोरचा, म्हणजे 40 मिलिमीटरचं भोक, 25 मायक्रॉनपर्यंत मोठं चालतं, लहान अजिबात नाही. मशीन सेट करून देणारा सेटर जाताना सांगून गेला, बोर 10 मायक्रॉन मोठा येतोय, तेवढा कमी कर. विअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल झिजलं की माप सुधारायला मशीनला द्यायच्या आकड्यात, आधीच -0.05 मिलिमीटर होतं, त्यात अजून -0.01 मिळवायचं, एवढंच काम. यानं -0.01 टाइप केलं आणि जुन्या आकड्यात मिळवणारं प्लस-इनपुट बटण सोडून नुसतं इनपुट दाबलं. जुना आकडा गेला, नवा बसला, बोर कमी व्हायचा राहिला बाजूला, उलट अजून 40 मायक्रॉननं वाढला. ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, वाढला असता तर परत एक कट मारून पीस वाचला असता, पण बोर मोठा झाला की सरळ भंगार, आणि कास्टिंग पार्टीचं असल्यामुळं नुकसानीची डेबिट नोट वेगळीच.

बटण चुकतं हो, कुणाचंही चुकतं. पण ऑफसेट बदलल्यावर पुढचा पीस मापायचा असतो, तो यानं मापलाच नाही, सकाळपर्यंत सायकल स्टार्ट मारत बसला. का, तर भोक मापायचा बोअर गेज मास्टर रिंगवर, म्हणजे पक्क्या मापाच्या रिंगवर, सेट करता येत नव्हता आणि कुणाला विचारायची लाज. इंटरव्ह्यूला गेज हातात दिला असता तर चहा यायच्या आत कळलं असतं.

म्हणून माझ्या टेबलावर एक रिजेक्ट पीस, त्याचं ड्रॉइंग, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि रिंग कायम असते. "मापून लिहून दे" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पीस आधी पुसतोय का, मायक्रोमीटरचा झिरो बघतोय का, ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालतं ते, वाचतोय का की नुसता आकडा सांगून मोकळा होतोय, हे बघायचं. येईल त्याला तोच पीस आणि तेच प्रश्न, आणि मार्क तो बाहेर पडल्या पडल्या लिहायचे, मालकाशी बोलायच्या आधी. हे काय माझं डोकं नाही, 1998 साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी माणसं निवडायच्या पद्धतींवरचा 85 वर्षांचा अभ्यास एकत्र करून बघितला, त्यात प्रत्यक्ष काम करून घेणं सगळ्यात वरच्या पद्धतींमध्ये होतं आणि अनुभवाची वर्षं पार खाली. आणि आपण अजून "किती वर्षं झाली?" इथंच अडकलोय.

"मशीन बंद आहे, ट्रायल कुठं घेत बसता" म्हणणारे मालक लई बघितलेत. मशीन एक दिवस बंद राहिलेलं परवडतं. रील बघून मशीनच्या प्रोग्रॅमचे जी-कोड पाठ करून येणारी आणि तीन महिन्यांत सेटरचा पगार मागणारी पोरं पण तसलीच, घाई दोन्हीकडं.

"माझ्याकडून रिजेक्शन कधी झालंच नाही" म्हणाला की मी वही मिटतो.

पाहुण्याचा शब्द ऐकून घ्या, पण फोन जुन्या शॉपच्या सुपरवायझरला लावा. आत्ता जिथं आहे तिथं मात्र नको, पोराची नोकरी जाईल.

पीएफची सर्व्हिस हिस्टरी त्यालाच त्याच्या मोबाइलवर उघडायला सांगा, कुठं कधी लागला, कधी सोडलं ते दिसतं. नोंद नसली म्हणून लगेच खोटारडा ठरवू नका, 20 पेक्षा कमी माणसं असली तर पीएफ सहसा सक्तीचा नसतो, बारक्या शॉपमधली पोरं तिथं दिसणारच नाहीत.

पहिले काही दिवस दिवसपाळीच द्या, सेटरच्या शेजारी.

आणि ट्रायलच्या दिवसाचे पैसे द्या. काही जण ट्रायलच्या नावाखाली आठवडाभर फुकट प्रॉडक्शन काढून घेतात, आणि वर तेच ओरडतात की एमआयडीसीत चांगली पोरंच मिळत नाहीत.