गेमच्या मुखचित्राची पारख करताना या चुका टाळा

मुखचित्र, म्हणजे ऑनलाइन दुकानात गेमच्या नावासह दिसणारे चित्र, तयार झाले की ते मोठ्या मॉनिटरवर पूर्ण उघडायचे, खुर्ची थोडी मागे सरकवायची आणि चित्रकार, प्रोग्रॅमर व चहा घेऊन आलेला मित्र अशा तिघांनी मिळून ‘झकास झालंय’ म्हणून मोकळे व्हायचे, ही छोट्या गेमच्या बाबतीत होणारी पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. छत्रपती संभाजीनगरात बसून आम्हीही नेमके हेच केले. देवगिरी किल्ल्यातील ‘अंधारी’ या भुयारी मार्गावर बेतलेला, कोडी सोडवण्याचा आमचा गेम होता. चित्रात किल्ल्याचा उभा कडा, खंदक, चंद्र, वटवाघळे, मशाल धरलेला पहारेकरी असे सगळे होते आणि वर बोरूने काढल्यासारख्या बारीक, वळणदार अक्षरांत ‘अंधारी’ हे नाव होते. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आमचे पान लागल्यावर बीडच्या मावसभावाने यादीतले छोटे चित्र पाहून फोन केला आणि विचारले, “अघोरी नावाचा गेम काढलास व्हय रे? मांत्रिकाचा हाय का?”

त्याची चूक नव्हती. अनुस्वाराचा ठिपका काळ्या आकाशात विरून गेला होता. ‘ध’च्या डोक्यावरची शिरोरेषेतली फट बुजल्यामुळे त्याचा ‘घ’ झाला होता, आणि ‘री’ची वेलांटी आमच्या चित्रकाराने हौसेने मागे ‘धा’वर झुकवली होती, ती मात्रेसारखी दिसत होती. मूळ आकारात यातले एकही आम्हाला जाणवले नव्हते.

स्टीमवर मुखचित्राला कॅप्सूल म्हणतात. त्यातले लहान कॅप्सूल आपण ४६२ × १७४ पिक्सेल आकारात चढवतो, परंतु त्यापासून स्टीम आपोआप आणखी छोट्या प्रती बनवते आणि त्यांतली सर्वांत लहान अवघी १२० × ४५ पिक्सेलची असते. पंचेचाळीस पिक्सेल उंचीपैकी अर्धी जागा नावाला दिली, तर रोमन लिपीतली मोठी अक्षरे ती पूर्ण बावीस पिक्सेल उंची स्वतःसाठी वापरू शकतात. देवनागरीला मात्र शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांच्यासाठी आणि खाली उकारासाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे अक्षराच्या मुख्य अंगाला जेमतेम दहा-बारा पिक्सेल उरतात. म्हणून मराठी नाव असलेल्या मुखचित्राची पारख इंग्रजी नावाच्या चित्रापेक्षा अधिक कठोरपणे करावी लागते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात, अनुस्वार छपाईत असतो त्यापेक्षा मोठा ठेवावा, वेलांट्यांची लांबी आखडावी आणि शिरोरेषा जाड करण्याच्या मोहाला आवर घालावा, कारण जाड शिरोरेषा सगळ्या फटी गिळून टाकते. चित्र १२० पिक्सेल रुंदीला आणून, ज्याला गेमचे नाव ठाऊक नाही अशा माणसाकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. तो अडखळला, तर नाव पुन्हा लिहावे.

याच संदर्भात आणखी एक बिघाड नेहमी दिसतो. चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी सुरू नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, रफार सुटा पडतो आणि जोडाक्षरांत उघडा हलन्त दिसतो. परभाषिक चित्रकाराला हे कळणे शक्यच नाही. त्याला नाव टाइप करायला सांगण्याऐवजी आपण स्वतः अक्षरे तयार करून ती रेषाकृतीच्या स्वरूपात पाठवावीत.

नाव वाचता येते असे ठरल्यानंतरही चित्र एकटे पाहू नये, कारण दुकानात ते कधीच एकटे दिसत नाही. आपल्या प्रकारच्या गेमची यादी उघडावी, त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यातील एका चित्राच्या जागी आपले चित्र चिकटवावे आणि मग पाहावे. आमच्या निळ्या-काळ्या रात्रीच्या चित्राच्या कडा स्टीमच्या गडद निळसर पार्श्वभूमीत मिसळून गेल्या होत्या, इतक्या की तिथे एक मशाल हवेत तरंगताना दिसत होती. तोच स्क्रीनशॉट कृष्णधवल केला तेव्हा मशालही दिसेनाशी झाली, कारण मशालीचा नारिंगी आणि कड्याचा तपकिरी हे रंग वेगळे असले तरी त्यांचा उजेड सारखाच होता. रंगांवर विसंबलेले चित्र छोट्या आकारात टिकत नाही. उजेड-सावलीतला फरक टिकतो.

आता गर्दीबद्दल. आपल्याकडे चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध उत्सवमूर्ती आणि खाली पासपोर्ट आकाराचे वीस शुभेच्छुक असतात. कोणालाही वगळले तर रुसवा ठरलेला. गेमच्या मुखचित्रातही हीच वृत्ती शिरते. चार पात्रे बनवायला आठ महिने लागले, म्हणून चौघांनाही जागा द्यायची. परंतु पाहणाऱ्याला त्या आठ महिन्यांशी काही देणेघेणे नसते. चित्रातील एकेक घटक झाकून पाहावा, आणि झाकल्यावर काहीच बिघडत नसेल तर तो काढून टाकावा. आमची वटवाघळे अशीच गेली. चंद्र गेला तेव्हा चित्रकाराने दोन दिवस अबोला धरला.

प्रश्न विचारण्याची पद्धत चुकली तर ही सगळी मेहनत पाण्यात जाते. ‘कसं वाटलं?’ असे विचारले की नातेवाईक आणि मित्र चांगलेच म्हणणार. तो त्यांचा भिडस्तपणा असतो, अभिप्राय नव्हे. चित्र दोन सेकंद दाखवून फोन उलटा ठेवावा आणि विचारावे, ‘या गेममध्ये काय करायचं असेल?’ मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे, मध्येच समजावून सांगू नये. आमच्या पहिल्या चित्रावर ‘भुतांना मारायचं’, ‘पहारा द्यायचा’ आणि ‘किल्ला जिंकायचा’ अशी उत्तरे आली. कोडी हा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाही. चित्र सुंदर असणे आणि चित्राने खरे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात दुसरीची किंमत जास्त असते. भुतांच्या आशेने आलेला माणूस कोडी पाहून परत जातो आणि कोड्यांचा शौकीन मुळात येतच नाही.

एकच चित्र कापून सगळीकडे वापरणे ही चूक आळसातून होते. स्टीमचे शीर्षक कॅप्सूल ९२० × ४३० असे आडवे असते, तर लायब्ररीतले, म्हणजे खेळणाऱ्याने घेतलेल्या गेमच्या संग्रहात दिसणारे, ६०० × ९०० असे उभे. इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम-दुकानावर ६३० × ५०० हा आकार सुचवलेला आहे. उभा कडा आडव्या पट्टीत बसवला की त्याचे नुसते दगड उरतात. प्रत्येक आकारासाठी मांडणी निराळी करावी आणि प्रत्येकाची पारख निराळी करावी.

मजकुराचा नियमही विसरू नये. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या मूळ कॅप्सूलवर गेमचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांशिवाय काही लिहिता येत नाही. पुरस्कारांची चिन्हे, समीक्षेतील वाक्ये, सवलतीचे आकडे काढूनच टाकावे लागतात.

पान लागल्यानंतर विक्री होत नसेल, तर प्रत्येक वेळी मुखचित्रालाच दोष देणे बरोबर नाही. स्टीमच्या अहवालात चित्र किती वेळा दाखवले गेले आणि त्यावरून किती जण पानावर आले, हे दोन्ही आकडे मिळतात. चित्र फारसे दाखवलेच गेले नसेल, तर अडचण टॅगची (गेमचा प्रकार सांगणाऱ्या शब्दांची) किंवा प्रसिद्धीची आहे. ते पुष्कळ वेळा दाखवूनही लोक येत नसतील, तर संशय मुखचित्रावर घ्यावा. लोक येऊन गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, न टाकताच परत जात असतील, तर ट्रेलर आणि स्क्रीनशॉट पाहावेत, किंवा मुखचित्राने दिलेले आश्वासन पानावर पाळले गेले आहे का ते तपासावे. गुगल प्लेवर दोन चित्रे एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करण्याची सोय आहे. स्टीमवर आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांची तुलना करावी लागते, आणि ती करताना सेलचे किंवा नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या आगामी गेमच्या महोत्सवाचे दिवस वगळावेत, कारण त्या गर्दीत येणारे प्रेक्षक निराळे असतात. चित्र आणि किंमत एकाच दिवशी बदलली, तर कोणामुळे काय झाले हे कळायचा मार्गच उरत नाही.

नवे चित्र लावल्यावर जुने कुठे शिल्लक राहिले आहे का, हेही पाहावे. आमच्या दुसऱ्या चित्रात काळोखाची चौकट, तिच्या टोकाला उजेडाचा एक चौकोन आणि जमिनीवर फुटणाऱ्या तीन वाटा एवढेच आहे, नाव जाड व सरळ अक्षरांत आहे. ते आम्ही दुकानाच्या सर्व जागी चढवले, परंतु लायब्ररीचे उभे चित्र स्वतंत्रपणे चढवावे लागते हे ध्यानात राहिले नाही, आणि पुढचे सतरा दिवस खेळणाऱ्यांच्या लायब्ररीत वटवाघळे तशीच उडत राहिली.