माउसचं बटण: दाबलं कधी, सोडलं कधी

मी लिहितो ते प्रोग्राम रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर आणि धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये चालतात. काट्यावरचं वजन, गाडी नंबर, भाव, बिल, एवढंच काम. जळगावच्या आसपासच्या कॉलेजांतून या कामाला नवीन येणारी मुलं डेटाबेसची तयारी चांगली करून येतात. माउसकडे मात्र कुणी बघत नाही, कारण क्लिक म्हणजे काय हे सगळ्यांना माहीतच असतं, असं वाटतं.

क्लिकच्या पोटात दोन घटना असतात: बटण दाबलं आणि बटण सोडलं. जावा भाषेत खिडक्या आणि बटणं बनवायच्या स्विंग या तयार संचात आधी माउसप्रेस्ड येतो, मग माउसरिलीज्ड आणि त्यानंतर माउसक्लिक्ड. मधल्या मधे पॉइंटर सरकला, तर माउसक्लिक्ड येईलच याची खात्री नसते. वयस्कर मुनीमजींचा हात जरा थरथरला की हे लगेच दिसतं. म्हणून तक्त्यातली ओळ निवडण्यासारखं हलकं काम दाबल्याबरोबर करावं. बिल रद्द करण्यासारखं काम सोडल्यावर, तेही पॉइंटर अजून त्याच जागी असेल तरच. स्विंगचं तयार बटण असंच वागतं: चुकून दाबलं, तर धरून ठेवून बाजूला सरकायचं आणि तिथे सोडायचं, काम होत नाही. त्यामुळे बटणाला माउसलिसनर (माउसच्या घटना ऐकणारा कोड) लावू नका, अ‍ॅक्शनलिसनर (बटणाचं काम झालं एवढंच ऐकणारा कोड) लावा. मग ते स्पेसबारनेही चालतं.

खरी कसोटी डबल क्लिकची. पहिल्या क्लिकच्या वेळी दुसरा येणार आहे हे प्रोग्रामला कळत नाही, त्यामुळे एका क्लिकचं काम आधी होऊनच जातं. एका क्लिकने ओळ निवडली आणि दोन क्लिकने उघडली, तर काही बिघडत नाही. ही कामं एकमेकांच्या विरुद्ध असतील तर गोंधळ ठरलेला. दोन क्लिकमधलं अंतर स्वतः मोजत बसू नका. विंडोजमध्ये ते मुळात ५०० मिलिसेकंद असतं, पण वापरणारा ते बदलू शकतो. हा कितवा क्लिक, हे सांगणाऱ्या स्विंगच्या गेटक्लिककाउंटला विचारा.

सावद्याच्या एका पेढीवर प्रोग्राम चालू करण्याआधी मी मुनीम आबांच्या शेजारी बसलो होतो. ते ‘जतन करा’ बटणही दोनदा दाबत होते.

‘आबा, एकदाच दाबायचं.’

‘अरे भो, दोनदा दाबलं की पक्कं होतं!’

डेस्कटॉपवरची चित्रं दोनदा दाबून उघडायची, हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं. त्यांची सवय मोडण्यापेक्षा प्रोग्राम तसा लिहिणं आपलं काम. दाबल्यावर बटण बंद करायचं आणि जतन झाल्यावर चालू, हे सगळ्यांना सुचतं, पण ते पुरत नाही. क्लिकसारख्या घटना एकामागून एक हाताळणाऱ्या इव्हेंट थ्रेडवरच जतन करण्याचं काम चाललं असेल, तर दुसरा क्लिक रांगेत थांबतो आणि बटण चालू झालं की हजर होतो. काम मागच्या मागे करणाऱ्या स्विंगवर्करकडे दिलं आणि ते पटकन उरकलं, तरी दुसरा क्लिक चालू बटणावरच पडतो. यावर मला पटलेला उपाय असा: जतन झालं की फॉर्म रिकामा करायचा आणि पुढच्या गाडीचं वजन भरल्याशिवाय बटण चालू करायचं नाही. जोडीला डेटाबेसमध्ये बिल नंबर युनिक, म्हणजे एकच नंबर दोनदा न घेणारा, ठेवायचाच. माउस जुना होऊन त्याचा स्विच झिजला की एकदा दाबूनही दोन क्लिक जातात, तिथेही हेच कामी येतं.

उजव्या बटणाचा मेनू विंडोजवर सोडल्यावर उघडतो, लिनक्स आणि मॅकवर दाबल्यावर. म्हणून मेनू उघडायची हीच वेळ का, हे सांगणारा इजपॉपअपट्रिगर माउसप्रेस्ड आणि माउसरिलीज्ड दोन्हीकडे तपासा. पायथन भाषेत खिडक्या बनवायला टीकेइंटर असतं, ते टीके नावाच्या संचावर चालतं; त्यात उजवं बटण विंडोज-लिनक्सवर ३ नंबरचं, पण टीके ८.६ असलेल्या मॅकवर २ नंबरचं. याच आवृत्तीत लिनक्सवर चाक फिरवलं तर ४ आणि ५ नंबरची बटणं दाबल्यासारखं येतं.

स्विंग, टीकेइंटरसारखी नवीन लायब्ररी (तयार कोडचा संच) हाती घेतली की आधी एक रिकामी खिडकी उघडा आणि दाबलं, सरकलं, सोडलं, कितवा क्लिक, हे सगळं पडद्यावर छापा. आधी टचपॅडवर बघा, मग माउसवर. नंतर ज्याने संगणक फारसा हाताळलेला नाही अशा घरातल्या कुणाला तरी माउस द्या, काही न सांगता.