इन्फ्रारेड प्रतिमेतले सेन्सरचे दोष कसे दुरुस्त करावेत

इन्फ्रारेड सेन्सरची कच्ची प्रतिमा पहिल्यांदा पाहिली की कॅमेराच बिघडलाय असं वाटतं. पांढरे-काळे ठिपके, उभे पट्टे, जाळी. यातलं बरंचसं निघतं, फक्त क्रम चुकवू नये. मूळ फाइल तशीच ठेवा, काम प्रतीवर करा.

सुरुवात पिक्सेलांच्या असमानतेपासून. प्रत्येक पिक्सेलचा पाया (संकेत नसतानाही दिसणारं मूल्य) आणि संवेदनशीलता थोडी वेगळी असते. एकसमान तापमानाचा पृष्ठभाग सगळी चौकट व्यापेल असा धरा आणि एकदा थंड, एकदा गरम असताना बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढा. मग पूर्ण चौकटीच्या दोन सरासऱ्यांतल्या फरकाला त्या पिक्सेलच्या स्वतःच्या फरकाने भागा. हा झाला त्याचा गुणक. प्रतिमेतून थंड फ्रेम वजा करा, गुणकाने गुणा आणि थंड चौकटीची सरासरी परत मिळवा. एक्स्पोजर आणि सेन्सरचं तापमान मात्र तेच हवं. तापमान सरकलं की जुनी फ्रेम दोष काढण्याऐवजी नवे घालते.

आता खराब पिक्सेल. गुणक मध्यकापासून फार दूर गेलेले पिक्सेल वेगळे काढा. प्रमाण विचलनावर विसंबून राहू नका, कारण मोजके वेडे पिक्सेलच ते फुगवतात. मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक घ्या, १.४८२६ ने गुणा आणि त्याच्या पाचपट सीमा ठेवा. या पिक्सेलांची यादी मास्क म्हणून जपा.

पट्ट्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीच्या ३.६ आणि ४.५ मायक्रॉनच्या सेन्सरांत तेजस्वी तारा आला की त्याचा अख्खा स्तंभ खाली दबायचा, ताऱ्याच्या वर एका मापाने आणि खाली दुसऱ्या. म्हणून दोन्ही भागांचे मध्यक वेगवेगळे काढावे लागतात. शेजारच्या स्तंभांशी तुलना करून जेवढी घट दिसेल तेवढी परत मिळवा. त्याआधी त्या स्तंभांतले बाकीचे तारेही झाकून घ्या, नाहीतर तेही मध्यकात मिसळतात.

नुसती पाहायची प्रतिमा असेल, तर खराब पिक्सेल आठ शेजाऱ्यांच्या मध्यकाने भरायला हरकत नाही. मोजमाप करायचं असेल, तर माझं ठाम मत आहे: जागा रिकामी सोडा. कॅमेरा थोडा थोडा सरकवून घेतलेल्या फ्रेम असतील, तर तीच जागा दुसऱ्या फ्रेममधल्या चांगल्या पिक्सेलने खरोखर मोजलेली असते.

शेवटी दुरुस्त प्रतिमेतून कच्ची वजा करून पाहा. फरकात नुसते ठिपके, पट्टे, जाळी दिसली तर ठीक. वस्तूची कडा किंवा ताऱ्याचा आकार उमटला, तर तुमची सीमा खरा संकेत खातेय. ती सैल करून मास्क पुन्हा बनवा.